वजन कमी केलं पण टिकत नाहीये, 3 वर्षांत 11 किलो परत आलं

गोदाकाठची
नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने नुसतं वाचते आहे, लिहायचं धाडस होत नव्हतं, आज लिहितेच. वय 43, नाशिक, उंची 5 फूट 2 इंच, बँकेत नोकरी म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. 2021 च्या दिवाळीनंतर वजन 86 भरलं आणि एचबीए1सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 6.1 आलं. माझ्या आईला डायबिटीस आहे, तिच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती आणि तिचं ड्रेसिंग मीच करायचे, त्यामुळे तो रिपोर्ट बघून पोटात गोळाच आला आणि मी मनापासून सुरू केलं. चहातली साखर बंद, रात्री एकच भाकरी आणि भाजी, बाहेरचं जवळजवळ बंद, सकाळी गंगापूर रोडला तासभर चालणं आणि रविवारी पांडवलेणी चढून यायची. 14 महिन्यांत 67 वर आले. एचबीए1सी 5.5.

तेव्हा इतका आनंद झाला होता की सगळे ब्लाऊज आत घालायला दिले. आमच्या शिंपीकाकांनी विचारलं, ताई आतली माया ठेवू की कापू, मी म्हटलं कापा, आता परत ते दिवस येणार नाहीत. आज त्यातला एकही ब्लाऊज होत नाही आणि बाहेर काढायला आत कापडच नाही. मागच्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्याच्या सकाळी कपाटासमोर बसून रडले मी.

आज वजन 78.4. नक्की कधी बिघडलं ते पण सांगता येत नाही. सासरे महिनाभर हॉस्पिटलात होते तेव्हा चालणं सुटलं, मग पावसाळा, मग मार्च एंड, मग पुन्हा सुरू केलं पण पंधरा दिवसांच्या वर टिकलं नाही. खाणं मी काही पूर्वीसारखं बेताल करत नाहीये हो, खरंच नाही. पण भूक! 86 वर असताना मला इतकी भूक लागायची नाही जितकी 67 वर लागायची. संध्याकाळी पाचला तर डोळ्यासमोर फक्त खाणं दिसतं. आणि हळदीकुंकवाला एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, काय गं परत भरलीस की. कमी केलं होतं तेव्हा याच विचारत होत्या की आजारी आहेस का.

ज्यांनी कमी केलेलं वजन पाच वर्षांच्या वर टिकवलंय त्यांनी प्लीज सांगा की तुम्ही रोज नक्की काय करता. कमी कसं करायचं ते मला माहितीये, ते मी केलंय. मला टिकवायचं कसं ते कळत नाहीये.

मीठमिरची
ताई स्पष्ट बोलतो राग मानू नका. शेवटी सगळं तोंडावरच्या ताब्यावर असतं. 14 महिने जमलं म्हणजे तुम्हाला जमतं, मग नंतर ढील दिली एवढंच. आमच्या गावाकडची म्हातारी माणसं बघा, कुठला डाएट प्लॅन नाही न काही नाही, आयुष्यभर एकाच अंगाची.

सोलापूरची डॉक्टर
मीठमिरची, तुमचा हेतू चांगला असेल पण हे वाक्य मी ओपीडीत पेशंटच्या नातेवाइकांकडून रोज ऐकते आणि त्याने पेशंटचं नुकसान होतं, कारण तो पुन्हा दाखवायलाच येत नाही. गावाकडची म्हातारी माणसं कधी 86 किलोची नव्हतीच. जो कधी जाड नव्हता तो 67 किलोचा माणूस आणि जो 86 वरून 67 ला आला तो माणूस, यांची शरीरं आतून सारखी नसतात, आणि गोदाकाठची ताई जे भुकेचं सांगतायत ते शंभर टक्के खरं आहे.

2011 मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. 50 जणांना 10 आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार दिला, सरासरी साडेतेरा किलो उतरले. मग एक वर्षाने पुन्हा त्यांच्या रक्तातली भुकेची हार्मोन्स तपासली. पोट भरल्याचा निरोप देणारी अजून कमीच होती, भूक लावणारं घ्रेलिन वाढलेलंच होतं, आणि तोपर्यंत थोडंफार वजन परत येऊनही ती माणसं सांगत होती की आम्हाला आधीपेक्षा जास्त भूक लागते. वर्ष झालं तरी शरीराने दुष्काळ संपला असं मानलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे खर्च. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने सहा वर्षांनी परत तपासलं, तो पेपर 2016 चा. स्पर्धेत सरासरी 58 किलो गेले होते, सहा वर्षांत त्यातले 41 परत आले. आणि त्यांचं शरीर आराम करताना, म्हणजे नुसतं पडून असताना, त्यांच्या वजनावयाच्या हिशेबाने जितक्या कॅलरी जाळायला हव्यात त्यापेक्षा दिवसाला जवळजवळ 500 कमी जाळत होतं. ती स्पर्धा फार टोकाची होती, सर्वसामान्य माणसात हा फरक इतका मोठा नसतो, पण दिशा तीच असते. त्याच गटाने नंतर असाही अंदाज काढला की उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला 20 ते 30 कॅलरीने कमी होतो पण भूक मात्र 100 कॅलरीच्या आसपास वाढते. म्हणजे मेटाबॉलिझम मंदावला म्हणून आपण घाबरतो, खरा जोर भुकेचा असतो.

चरबीच्या पेशीसुद्धा वजन उतरल्यावर आकाराने लहान होतात, त्यांची संख्या फारशी घटत नाही. रिकाम्या पिशव्या घडी घालून ठेवल्यात असं समजा.

ताई, थायरॉईड एकदा तपासून घ्या, 43 वय आहे तर पाळीचं काय चाललंय तेही डॉक्टरांशी बोला, आणि झोप किती होते ते सांगा. पण मुळात हा तुमच्या स्वभावाचा दोष आहे हे आधी डोक्यातून काढा.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. तुम्ही 86 च्या होतात, आज 78.4, म्हणजे अजूनही जवळजवळ 9 टक्के खाली आहात. अमेरिकेतल्या मोठ्या डायबिटीस प्रतिबंध अभ्यासात ध्येयच 7 टक्के होतं आणि त्यात तीनेक वर्षांत डायबिटीस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. पुढे दहा वर्षांत त्या लोकांचं बरंचसं वजन परत आलं, तरीही त्यांच्यात डायबिटीस 34 टक्के कमीच होता. तुमचे ते 14 महिने वाया गेलेले नाहीत. एचबीए1सी आता किती आहे?

गोदाकाठची
डॉक्टर, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. एचबीए1सी गेल्या महिन्यात 5.7. झोप पाच-साडेपाच तास, सकाळचे डबे असतात.

पर्वतीवाला
मी लिहू का, माझं सातवं वर्ष आहे. वय 51, पुणे. 94 होतो, आता 72 ते 76 मध्ये असतो. मुद्दाम आकडा एक सांगत नाही कारण माझ्या मते पहिली चूक तिथेच होते, आपण 67 हा मुक्काम धरतो आणि 67.8 झालं की वाटतं गेलं सगळं. मला पट्टा आहे, चार किलोचा. 75.5 ओलांडलं की त्या दिवसापासून वही सुरू, जे तोंडात गेलं ते लिहायचं, 74 च्या खाली आलं की वही बंद. सात वर्षांत अकरा-बारा वेळा वही काढली असेन. वजन रोज सकाळी, कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने, आमच्या घरात दुधाच्या हिशेबाशेजारी माझं वजन लिहिलेलं असतं.

तुमचं गणित बघा ताई. 3 वर्षांत 11.4 किलो म्हणजे महिन्याला साधारण 300 ग्राम. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ 7700 कॅलरी, तर हे दिवसाला जेमतेम 80 कॅलरी होतं, म्हणजे तूप न लावलेला एक फुलका. हा ढोबळ हिशेब आहे, डॉक्टर अजून नीट सांगतील, पण मुद्दा हा की बेताल न खाता, खरोखर नेहमीसारखं जेवून वजन परत येतं. तुम्ही खोटं बोलत नाही आहात. महिन्याला 300 ग्राम आरशात दिसत नाही, कपड्यांत दिसत नाही, वर्षभराने एकदम दिसतं. म्हणून काटा.

मीठमिरची साहेबांना पण सांगतो, मी 2017 ला पहिल्यांदा उतरवलं होतं तेव्हा निव्वळ ताब्यावर उतरवलं होतं, आणि दीड वर्षात नऊ किलो परत आले. दुसऱ्या वेळी मी ताबा कमीत कमी लागेल अशी व्यवस्था केली. तेलाचंच सांगतो. आमच्याकडे चौघांत महिन्याला पाच लिटरचा कॅन संपायचा आणि आम्हाला वाटायचं आपण कमी तेल खातो. पाच लिटर भागिले चार भागिले तीस, माणशी रोज 40 मिलीच्या वर, म्हणजे साडेतीनशे कॅलरी नुसत्या फोडणीतून. आता 1 तारखेला तीन लिटर बाजूला काढून ठेवतो, ते महिनाभर पुरवायचं. फोडणी पळीने, कॅन तिरका करून नाही. महिना-दोन महिने बायको वैतागली, आता तिलाच जास्त तेल सहन होत नाही.

संध्याकाळी पाचची भूक मलाही अगदी तशीच. आमच्या ऑफिसच्या खाली वडापावची गाडी आहे आणि सव्वापाचला घाणा निघतो, त्याचा वास तिसऱ्या मजल्यावर येतो. मी साडेचारलाच खातो, भूक लागायच्या आधी, फुटाणे आणि पेरू नाहीतर दोन उकडलेली अंडी. दुपारच्या डब्यात मटकी किंवा मूग असतोच, उसळ जास्त पोळी कमी. आणि आठवड्यातून दोनदा सोसायटीच्या जिममध्ये वजनं उचलतो, कारण पहिल्या वेळी माझे किलो उतरले त्यात स्नायू पण बरेच गेले असं ट्रेनरने दाखवलं होतं. चालणं रोज, पर्वती, पाऊस असला तर जिन्यात.

गणपती ते दिवाळी माझं दीड-दोन किलो वाढतं. दरवर्षी. मोदक खातो, चकली खातो, पोटभर खातो. मार्गशीर्षात परत येतं. ते मी आता धरूनच चालतो.

सगळ्यात अवघड दुसरं वर्ष. उतरवताना दर आठवड्याला काटा खाली जातो, लोक विचारतात, कपडे सैल होतात, रोज काहीतरी मिळत असतं. टिकवताना तेवढीच मेहनत आणि काटा तिथल्या तिथे. काही घडत नाही हेच यश, आणि त्याचं कौतुक कोणी करत नाही, घरचेसुद्धा म्हणतात आता झालं ना कमी, खा की. मला त्या वर्षी फार एकटं वाटलं होतं.

साधं वरण
मग दीक्षित की दिवेकर? दोन वेळा खायचं की दर दोन तासांनी? आमच्या घरी यावरून दोन गट आहेत.

पर्वतीवाला
माझे मेहुणे दोन वेळच्या जेवणावर अजून छान आहेत, माझी बहीण थोडं थोडं खाऊन छान आहे. मला दोन वेळा जमत नाही, पित्त होतं. तुम्हाला 2035 साली पण जे करता येईल असं वाटतं ते धरा.

खिडकीतली चिमणी
पर्वतीवाला दादा, तुमचं सगळं पटलं पण रोज वजन करण्याबद्दल मी वेगळं सांगणार. मी सांगलीची, 38. मी रोज काट्यावर उभी राहायचे आणि आकडा वाढला की दिवसभर स्वतःला शिव्या आणि मग संध्याकाळी रागाने खाणं, कारण आता बिघडलंच आहे. पाळीच्या आधी माझं दीड किलो पाण्याचंच वाढतं, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की काटा माळ्यावर टाका. आता माझी एक जुनी जीन्स आहे, दर 1 तारखेला ती घालून बघते, बटण लागलं की झालं. चार वर्षं झाली, 17 पैकी 13 किलो टिकलेत.

मला आणखी दोन गोष्टी सापडल्या त्या सांगते, कदाचित ताईंना उपयोग होईल. एक, उपवास. सोमवार आणि चतुर्थी, साबुदाण्याची खिचडी दाण्याचं कूट भरभरून, वर रताळ्याचा कीस आणि केळी, उपवासाच्या दिवशी मी रोजच्यापेक्षा जास्त खायचे आणि मनात मात्र आज तर काहीच खाल्लं नाही. आता उपवासाला भगर आणि ताक घेते. दुसरं, पोरांच्या ताटातलं. अर्धी पोळी, चार घास वरणभात, टाकवत नाही म्हणून उभ्या उभ्या ओट्याशी खायचं. ते कधी मोजलंच नव्हतं कारण ते जेवण वाटतच नाही. एकदा आठवडाभर ते सगळं एका डब्यात जमा केलं, रोज रात्री डबा बघून मी गप्प झाले. आता पोरांना आधीच कमी वाढते, लागलं तर परत घ्या म्हणते.

सोलापूरची डॉक्टर
चिमणी, अगदी बरोबर. वजन रोज करावं का आठवड्याला, हे माणसागणिक ठरवावं, ज्यांना खाण्याबद्दल अपराधी वाटून बिंजिंग, म्हणजे ताबा सुटून खाणं, होतं त्यांनी तर नकोच. पण नजर ठेवायचं काहीतरी साधन हवं, काटा नाहीतर जीन्स. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही आहे, ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलं अशा दहा हजारांहून जास्त लोकांची. त्यात चारातले तीन जण आठवड्याला निदान एकदा वजन बघतात आणि बहुतेक सगळे रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात. ही माणसं स्वतःहून नाव नोंदवलेली आहेत, त्यामुळे सगळ्यांना लागू असं म्हणणार नाही. पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडते, ज्यांनी दोन ते पाच वर्षं टिकवलं त्यांना पुढे टिकवणं बरंच सोपं गेलं. पर्वतीवाला दुसऱ्या वर्षाबद्दल जे बोलले ते तंतोतंत हेच.

त्या टीव्ही स्पर्धेवाल्यांतही सहा वर्षांनी ज्यांनी टिकवलं त्यांची हालचाल आधीच्या मानाने 160 टक्क्यांनी वाढलेली होती, ज्यांचं परत आलं त्यांची 34 टक्क्यांनी. उतरवायला खाणं बदलावं लागतं, टिकवायला चालणं सोडून चालत नाही. ताई, तुमची गाडी सासऱ्यांच्या आजारपणात चालणं सुटलं तिथूनच घसरली, बघा.

आणि झोप साडेपाच तास ही माझ्यासाठी तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोठी ओळ आहे. डबे कोणाकोणाचे आहेत आणि त्यातला एखादा दुसरं कोणी भरू शकतं का, हे घरी विचारा. हे मी औषध म्हणून सांगतेय.

ठाणेकर
मी हे सांगू की नको करत होतो. मी वजन उतरवायचं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन घेत होतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठ महिने. 108 वरून 92. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की बाकीच्यांना जेवण झाल्यावर खाण्याचा विचार येत नाही म्हणजे काय. डोक्यात सतत चालणारी ती कुजबुज बंद झाली होती हो. मग खर्च झेपेना म्हणून थांबवलं, आता पाच महिने झाले, 99. आणि कुजबुज परत आली, पूर्वीपेक्षा मोठ्याने. बायकोलासुद्धा सांगितलं नाहीये अजून की वाढतंय.

सोलापूरची डॉक्टर
ठाणेकर, लिहिलंत ते फार बरं झालं. सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे अशाच एका आठवड्याच्या इंजेक्शनच्या, अभ्यासात 68 आठवड्यांनी औषध बंद केलं तर पुढच्या एका वर्षात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला होता. बीपीची गोळी बंद केली की बीपी वाढतं, त्यात पेशंटचा दोष आपण धरत नाही, इथेही धरू नका. पण तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा, डोस, खर्च, दुसरा पर्याय, व्यायामाची जोड, सगळं त्यांच्याशी बोला, परस्पर थांबवू नका आणि परस्पर परत सुरूही करू नका. आणि बायकोला सांगा. ती काट्याकडे नाही, तुमच्याकडे बघत असेल.

मीठमिरची
डॉक्टर, ताई, माझं वरचं बोलणं मागे घेतो. माझ्या थोरल्या भावाचं 20 किलो जाऊन परत आलंय आणि मी त्याला हेच बोललो होतो, तोंडावर. तेव्हापासून तो माझ्यासमोर जेवायला बसत नाही. त्याला फोन करतो आज.

गोदाकाठची
तीन आठवडे झाले म्हणून लिहायला आले. वजन 77.6, पण ते मुख्य नाही. थायरॉईडची टीएसएच तपासणी नॉर्मल आली. मुलाचा डबा तो स्वतः भरतो, नवरा त्याचा आणि माझा भरतो, पोळ्या लाटणाऱ्या मावशी आता सहाऐवजी साडेसहाला येतात, मी साडेसहाला उठते. सव्वासहा तास झोप होते. पाचची भूक पहिल्यांदाच जरा कमी वाटतेय. तेलाचा कॅन मोजला, आमच्याकडे तिघांत चार लिटर लागत होतं, माझा विश्वासच बसेना.

चालणं तासाचं नाही जमत, 35 मिनिटं, पण तीन आठवड्यांत फक्त दोन दिवस चुकलं. पट्टा मी 73 ते 77 ठरवलाय, आधी त्यात शिरायचं, 67 चं नंतर बघू. आणि शिंपीकाकांकडे गेले होते. त्यांनी दोन ब्लाऊजना काखेत वेगळ्या कापडाचा तुकडा जोडून दिलाय, चांगला दिसतोय, पुढच्या रविवारी भाचीच्या लग्नात त्यातला हिरवा घालणार आहे. नवीन दोन शिवायला टाकले, त्यात दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच माया ठेवायला सांगितलीये.

ठाणेकर दादा, तुमचं काय झालं? डॉक्टरांशी बोललात का?